ऑटिझम असलेल्या मुलाचा आयक्यू रिपोर्ट कसा वाचावा

रिपोर्ट हातात आला की आधी एकूण आयक्यूचा आकडा झाकून टाका. खरंच, वर एखादं पाकीट ठेवा.

आपल्याकडे बरेचदा मलिन यांची चाचणी घेतात. तिचे शाब्दिक आणि कृतींचा असे दोन भाग, आणि एकूण आयक्यू म्हणजे त्या दोघांची सरासरी. आमच्या नातवाचे आले ७४ आणि ११२, म्हणजे एकूण ९३. जन्मभर गणित शिकवलंय, म्हणून सांगते, ९३ वाला मुलगा आमच्या घरात राहतच नाही.

आता एकेक उपचाचणी वाचा. ठोकळ्यांच्या नक्षीत (दाखवलेली नक्षी ठोकळ्यांनी जुळवायची) यातली बरीच मुलं वर जातात. अख्ख्या नक्षीतले तुकडे त्यांना सुटे दिसतात. शाह आणि फ्रिथ या संशोधकांनी १९९३ मध्ये नक्षी आधीच तुकडे पाडून दिली, तेव्हा इतरांना त्याची बरीच मदत झाली, ऑटिस्टिक लोकांना फारशी नाही. ‘अमुक झालं तर काय करशील’ छापाच्या प्रश्नांत मात्र गुण घसरतात. आमचे नातूसाहेब इंदुरातल्या रामबागेपासून राजवाड्यापर्यंतच्या पाट्या क्रमाने सांगतात आणि या प्रश्नांना गप्प! काही मुलांचं नेमकं उलटं असतं, शब्द पुढे आणि हात मागे.

मेंदूच्या स्कॅनच्या अनेक अभ्यासांचा २०१२ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. बघून करायच्या कामांत ऑटिस्टिक लोकांच्या मेंदूचे दृश्य भाग जास्त आणि कपाळामागचे कमी काम करताना दिसले. पण ही गटाची सरासरी. एवढं बघायला पोराला एमआरआयच्या नळीत घालू नका.

चाचणी कुठल्या भाषेत झाली, हे जरूर विचारा. इंदुरात घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. नातवाला हिंदीत विचारलं. त्याला कळतं सगळं, पण उत्तर तो मराठीत जुळवतो. भाषेची नोंद रिपोर्टात करून घ्या.

शाब्दिक भाग फारच खाली असेल तर रेव्हनची आकृत्यांची चाचणीही मागा. संशोधक मिशेल डॉसन (त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत) आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ३८ ऑटिस्टिक मुलांना रेव्हन आणि वेक्सलर (मलिन यांची चाचणी हिच्यावरूनच बेतलेली) अशा दोन्ही चाचण्या दिल्या. वेक्सलरपेक्षा रेव्हनवर मुलं सरासरी ३० पर्सेंटाइल (शंभरात किती जण मागे, तो आकडा) वर होती.

शाळेत देताना दोन्ही भागांचे आकडे वेगवेगळे लिहून द्या. कृतींचा भाग वर असेल तर बाईंना सांगा, सूचना फळ्यावर पायरीपायरीने लिहा, तोंडी नकोत. लिहिण्याचा वेग कमी असेल तर जादा वेळेचा अर्जही त्याच दिवशी द्या.