वडिलांचे अमेरिकन मिलिटरीचे रेकॉर्ड कसे मागवायचे

वडील अमेरिकन सैन्यात होते, एजंट ऑरेंज (व्हिएतनाम युद्धात फवारलेलं विषारी तणनाशक) नाहीतर बर्न पिटच्या (तळावर कचरा जाळायचे उघडे खड्डे) धुराने आजारी पडून वारले आणि आता आईसाठी व्हीएकडे (माजी सैनिकांचं अमेरिकन सरकारी खातं) भरपाईचा क्लेम लावायचाय, तर आधी रेकॉर्ड हातात पाहिजेत. ते सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधून मिळतात, स्टँडर्ड फॉर्म १८० भरा किंवा ऑनलाइन मागवा, मुलगा-मुलगी नेक्स्ट ऑफ किन (जवळचे नातेवाईक) धरतात, फक्त डेथ सर्टिफिकेट जोडा (वडील हयात असतील तर सही त्यांचीच लागते).

आणि प्लीज नुसतं डीडी २१४ (सैन्यातून सुटताना मिळणारा सर्व्हिसचा दाखला) मागू नका! कुठल्या बेसवर किती दिवस होते हे त्यात नीट कळत नाही आणि क्लेम नेमका तिथेच अडतो, कॅम्प लेजून या मरीन तळावरच्या दूषित पाण्याच्या क्लेमसाठी तर १९५३ ते १९८७ मधले तिथले किमान ३० दिवस दाखवावे लागतात. म्हणून पूर्ण पर्सोनेल फाइलच मागा, मेडिकल रेकॉर्डसकट.

याच सेंटरला १९७३ मध्ये लागलेल्या आगीत १९६० आधी आर्मीतून सुटलेल्यांच्या जवळपास ८० टक्के फायली गेल्या. तसं उत्तर आलं तरी खचू नका, फॉर्म १३०५५ वर युनिट, तारखा, ठिकाणं भरून द्या, दुसऱ्या कागदांवरून माहिती जुळवतात. घरातली जुनी पत्रं, पाकिटावरचा युनिटचा पत्ता, फोटोमागची तारीख सगळं शोधा, पण पाठवताना झेरॉक्सच पाठवा.