रेकॉर्डवर केस असताना अमेरिकेत प्रोफेशनल लायसन्स काढताना

नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, रिअल इस्टेट, सीपीए (तिथले सीए), सरकारी शाळेत शिकवणं, यातलं काहीही अमेरिकेत करायचं तर लायसन्स लागतं, आणि ते केंद्र सरकार देत नाही, राज्य देतं. म्हणून एका राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव दुसऱ्या राज्यात लागू पडेलच असं नाही. पण एखाद्या जुन्या, किरकोळ पोलीस केसच्या धास्तीने अर्जच न करणारे लोक आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं. कारण बऱ्याच राज्यांत कायदा आता अर्जदाराच्या बाजूने पुष्कळ सरकला आहे.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२० पासून लायसन्स देणाऱ्या बहुतेक बोर्डांना साधारणपणे गेल्या ७ वर्षांतली शिक्षाच विचारात घेता येते. गंभीर गुन्हे त्याला अपवाद. न्यूयॉर्कमध्ये गुन्ह्याचा त्या कामाशी थेट संबंध आहे का, तेव्हा वय काय होतं, मधे किती काळ गेला, हे सगळं तपासल्याशिवाय नकार देता येत नाही. टेक्सासमध्ये तर कोर्सची फी भरण्याआधीच बोर्डाकडे रेकॉर्डची कागदपत्रं पाठवून ‘मी पात्र ठरेन का’ असं लेखी विचारता येतं. या पत्राला ९० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नर्सिंगसाठी तिथे वेगळी सोय आहे, तिला डिक्लरेटरी ऑर्डर (पात्रता आधीच ठरवून देणारा आदेश) म्हणतात. दोन वर्षांच्या कोर्सला हजारो डॉलर घालण्याआधी हे करून घ्याच. अशी सोय इतरही अनेक राज्यांत आहे, पण बोर्ड स्वतःहून सांगत नाही, आपणच विचारावं लागतं.

सुरुवात स्वतःचं रेकॉर्ड मागवण्यापासून करा. एफबीआयकडून १८ डॉलर आणि बोटांचे ठसे देऊन ते मिळतं. त्यात हमखास दिसणारी अडचण अशी: अटक नोंदलेली असते, पण निकालाचा रकाना कोरा. स्थानिक कोर्टाने निकाल वर कळवलेलाच नसतो. बोर्डाच्या कारकुनाला मग ती केस अजून चालू आहे असं वाटतं आणि अर्ज अडकून पडतो. यावर उपाय म्हणजे केस जिथे चालली त्या कोर्टाच्या क्लार्ककडून सर्टिफाइड डिस्पोझिशन, म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत, आणणं. त्यावर केस नंबर, कलम, प्ली काय होती (गुन्हा कबूल केला की नाही), निकाल आणि तारीख हे सगळं हवं, शिवाय कोर्टाचा शिक्का. ऑनलाइन दिसणाऱ्या पानाची प्रिंट चालत नाही. सोबत पोलीस रिपोर्ट, दंड भरल्याची पावती आणि प्रोबेशन पूर्ण झाल्याचं पत्र जोडा. केस दारू पिऊन गाडी चालवण्याची असेल तर आरोग्याशी संबंधित बोर्डं बहुधा व्यसनाबद्दल तज्ज्ञाचा अहवालही मागतात.

अर्जातला प्रश्न शब्द न् शब्द वाचा. ‘शिक्षा झाली आहे का’ आणि ‘अटक किंवा आरोप झाला आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं हा वाहतुकीचा गुन्हा धरला जातो, बहुतेक इतर राज्यांत मात्र फौजदारी. त्यामुळे न्यू जर्सीतून दुसरीकडे अर्ज करताना फार जण गोंधळतात. वकिलाने ‘केस मिटली, विसरून जा’ असं सांगितलेलं असतं, म्हणून ‘नाही’वर खूण केली जाते आणि ठशांमध्ये ती केस वर येते. मूळ केस किरकोळ असली तरी खोटी माहिती हे नकाराचं स्वतंत्र कारण होऊ शकतं. खुलासा एका पानाचा पुरे: काय घडलं, कोर्टाने काय सांगितलं, ते कधी पूर्ण केलं, त्यानंतर काय बदललं. पोलिसांची चूक होती वगैरे वाद त्यात घालू नका.

भारतातल्या केसचं काय? ठशांमध्ये ती सहसा येत नाही, पण प्रश्नात ‘कोणत्याही देशात’ असं असेल तर सांगावीच लागते. व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्येही अटकेबद्दल विचारलेलं असतं. दोन्हीकडची उत्तरं जुळायला हवीत. ४९८अ या विवाहितेच्या छळाच्या जुन्या कलमात नाव आलेल्या नणंदा, दीर यांना हे विशेष लागू होतं. १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबरवरून ई-कोर्ट्सवर केसची स्थिती पाहा आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल तिथल्या वकिलामार्फत काढा. हायकोर्टाने एफआयआर रद्द केला असेल तर तो आदेश इंग्रजीतच मिळतो. मराठी कागदांचं मात्र प्रमाणित भाषांतर लागतं, आणि नुसतं ‘बी समरी’ किंवा ‘सी समरी’ लिहून भागत नाही. पोलिसांनी तपास करून केस बंद करण्याचा अहवाल दिला आणि मॅजिस्ट्रेटने तो मंजूर केला, असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं पोलीस क्लिअरन्स पुढे केलं तर निकालाचा प्रश्न तसाच उरतो.

ज्यांची केस अमेरिकेत आत्ता चालू आहे त्यांनी हे आधी वाचा. गुन्हा कबूल करायचा, वर्षभर नीट वागायचं, मग केस काढून टाकली जाईल, ही ऑफर ऐकायला छान वाटते. पण इमिग्रेशनच्या कायद्यात कबुली आणि कोर्टाने घातलेलं कुठलंही बंधन मिळून ती शिक्षाच धरली जाते, राज्याने नंतर रेकॉर्ड पुसलं तरी. दुकानातून छोटी वस्तू उचलल्याची केससुद्धा एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्यांना भारी पडू शकते. दारूच्या केसमध्ये तर निकाल लागण्याआधी, नुसत्या अटकेवर व्हिसा रद्द होऊ शकतो. कबुलीमुळे देशातून काढलं जाण्याचा धोका असेल तर फौजदारी वकिलाने तसं सांगायलाच हवं, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ठरवलं आहे. पण लायसन्सबद्दल सांगणं त्या निकालात येत नाही. म्हणून प्लीच्या कागदावर सही करण्याआधी तो कागद इमिग्रेशन वकिलाला दाखवा, आणि ज्या बोर्डाकडे अर्ज करायचा आहे त्याचे नियम स्वतः काढून वाचा. लायसन्स आधीच हातात असेल तर त्याच नियमांत नवी अटक किंवा शिक्षा कळवण्याची मुदतही दिलेली असते. ती अनेक ठिकाणी जेमतेम ३० दिवसांची असते.