माउंटन बाईकवरून रोड रेसकडे

माउंटन बाईकवाल्याकडे दम असतो, तोल असतो. नसते ती घोळक्यात चालवायची सवय. म्हणून रेसआधी दीड-दोन महिने ग्रुप राइड कराच. पुढच्याच्या मागच्या चाकापासून आधी एक मीटर, जमू लागलं की अर्धा मीटर अंतर ठेवा. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाशेजारी घुसू देऊ नका. तो जरा सरकला की चाकं घासतात आणि आपटता तुम्ही, तो नाही! नजर चाकावर खिळवू नका, त्याच्या खांद्यापलीकडे ठेवा. ब्रेक हळूच, ट्रेलवरची झटक्यात दाबायची खोड मागच्यांना पाडते.

२८ मिमी टायर, ट्यूब, वजन ७० किलोच्या आसपास असेल तर हवा साधारण ७० ते ८० पीएसआय. त्याहून फुगवली तर खडबडीत डांबरावर सायकल उडते, पकड जाते.

दोन बोल्टच्या क्लीटचे (क्लीट म्हणजे तळव्याला लावलेली, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) माउंटन बाईकचे जुने बूट पहिल्या रेसला चालतात. एरोबार, म्हणजे हँडलवर पुढे लावलेले कोपर टेकवायचे दांडे, मात्र काढा; मास-स्टार्टमध्ये, म्हणजे सगळे एकदम सुटतात त्या रेसमध्ये, चालत नाहीत.

बोरघाटासारखा चढ असेल तर पायथ्याआधीच पुढच्या पंधरा-वीस जणांत या. मागे राहिलात आणि घोळका तुटला, तर ती फट एकट्यानं वारा खात भरावी लागते.