ऑफिस सॉफ्टवेअर बदलण्याआधी स्वतःची फाइल उघडून बघा

लिब्रेऑफिस हे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखंच सॉफ्टवेअर फुकट आहे, पण तेवढ्यावर जुनं मायक्रोसॉफ्टचं पॅकेज काढून टाकू नका. आधी दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. एकाच कॉम्प्युटरवर ती सुखाने नांदतात.

चाचणीला कोरं पान घेऊन काही कळत नाही. तुमची सगळ्यात किचकट फाइल काढा: तक्ते, तळटीपा, मराठी-इंग्रजी मिसळलेला मजकूर असलेली. तिची प्रत लिब्रेऑफिसमध्ये उघडा, दोन ओळी बदला, डॉक्सएक्समध्ये (वर्डच्या फाइल-प्रकारात) सेव्ह करा आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये परत उघडा. पानं सरकली का, तक्ता फाटला का, ते लगेच दिसेल. एक्सेलमध्ये मॅक्रो (एका क्लिकवर ठरलेली कामं करणाऱ्या छोट्या आज्ञावली) असतील तर ते लिब्रेऑफिसमध्ये आवर्जून चालवून बघा, घोडं बहुधा तिथेच अडतं.

मराठीसाठी एक खुबी: लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा ठरवावा लागतो. फॉन्ट बदलूनही अक्षरं ढिम्म हलत नसतील तर सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) बघा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइली मात्र त्या फॉन्टशिवाय कुठल्याच पॅकेजमध्ये वाचता येणार नाहीत. त्या आधी युनिकोडमध्ये, म्हणजे एका ठराविक फॉन्टवर न अडणाऱ्या अक्षर-पद्धतीत, आणा.

आणि डाउनलोड अधिकृत साइटवरूनच करा.