जुनाट कंबरदुखी : दुखणं लांबवणाऱ्या या चुका टाळा

कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिली की ती जुनाट समजतात. एवढ्या काळात मूळ इजा बहुतेकदा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी झालेली असते आणि साध्या वाकण्यालाही कळ उठते. दुखतंय म्हणजे आत काहीतरी झिजतंय, तुटतंय, असं दर वेळी नसतं. बहुतेक चुका हे माहीत नसल्यामुळेच होतात.

एमआरआयचंच घ्या. रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधली गादी फुगणं), ‘डिजनरेशन’ (झीज) वाचलं की माणूस धसका घेतो, वाकणंच सोडून देतो. पण कसलाही त्रास नसलेल्या पन्नाशीच्या लोकांचे स्कॅन पाहिले तरी सुमारे ८० टक्के जणांत डिस्कची झीज दिसते. रिपोर्ट तुमच्या लक्षणांशी जुळतो का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र वेगळीच, आणि ती कष्टाळू माणसंच करतात. बरं वाटलं त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस अंथरूण धरायचं. असं चालू राहिलं की स्नायू कमजोर होत जातात आणि हालचालीची भीती वाढते. त्याऐवजी प्रमाण ठरवा. पंधरा मिनिटं चालल्यावर दुखत असेल, तर रोज दहाच मिनिटं चाला. बऱ्या दिवशीही दहा आणि वाईट दिवशीही शक्यतो दहा. जमू लागलं की थोडं थोडं वाढवा. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि एक-दोन दिवसांत शमलं, तर व्यायाम बंद करू नका, फक्त कमी करा.

कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) नेहमीचे उपचार म्हणून वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलं आहे. वेदनाशामक गोळ्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका. पोट आणि किडनीला त्याचा त्रास होतो. झोपेकडेही लक्ष द्या, अपुऱ्या झोपेनं वेदना तीव्र होते.

वय ४५ च्या आत असताना दुखणं सुरू झालं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडते आणि हालचालीनं सुटते, असं असेल तर सांधेविकारतज्ज्ञांना दाखवा. ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं असेल, तर तपासणी लांबवू नका. आणि जांघेत किंवा गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला किंवा पायांतली ताकद कमी होऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.