दापोलीहून महाबळेश्वर: बॅगेत काय घालाल?

आपण खाडीकाठची माणसं, थंडीचे कपडे आपल्याकडे नावालाच. त्यामुळे दोन रात्रींसाठी महाबळेश्वरला व्हिला घेतला की एक तर अर्धं कपाट भरलं जातं, नाहीतर नुसते टी-शर्ट.

साधा हिशोब सांगते. दर हजार मीटर चढलं की पारा साधारण 6 अंशांनी उतरतो आणि महाबळेश्वर आहे जवळजवळ 1,350 मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाकाठी पहाटे दवाचे हिमकण होतात, इतका गारठा! पण दुपारी ऊन चटकतं. म्हणून एका जाड जॅकेटपेक्षा आत सुती बनियन, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर स्वेटर असं घ्या. स्वेटर आदल्या दिवशी अंगणात कडक उन्हात टाकाच. आपल्या दमट हवेत ट्रंकेतल्या लोकरीला कुबट वास येतो, तो डांबरगोळ्यांनी जात नाही.

मोजे माणशी तीन जोड. व्हिलातल्या लाद्या सकाळी बर्फासारख्या लागतात.

खोबरेल तेल रुंद तोंडाच्या डबीत घ्या. 24 अंशांखाली ते थिजतं. गेल्या खेपेला मी निमुळती बाटली नेली आणि शेवटी ती गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून बसले.

पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढताना पोरांची पोटं ढवळतात. आवळासुपारी आणि दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी, डिकीत नव्हे. पांघरुणं मात्र नेऊ नका. केअरटेकरला फोन करून माणशी दोन ब्लँकेटं आहेत ना, एवढं विचारा.