लँग्विडली म्हणजे नुसतं हळूहळू नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घरी बारावीची पोरं इंग्लिश शिकायला येतात, आणि लँग्विडली हा शब्द आला की सगळ्यांच्या वहीत एकच अर्थ, हळूहळू. मग वाक्य काय बनतं, तर डॉक्टर लँग्विडली रिमूव्ह्ड द स्टिचेस. अरे, डॉक्टर टाके हळू काढतात ते जपून, तिथे केअरफुली पाहिजे, लँग्विडली लिहिलंत तर डॉक्टरांच्या हातात जोरच नाही आणि कामात मनही नाही असा अर्थ होतो.

आधी उच्चार बघा, लँग्-विड्-ली, जोर लँग् वर, आणि ग च्या मागून व ऐकू आला पाहिजे. लँग्वेजशी याचं नातं नाही हं, तो शब्द लॅटिनमधल्या जिभेवरून आलाय आणि हा लॅटिनच्याच लँग्वेरे वरून, म्हणजे अशक्त होणं, गळून जाणं. हे गळून जाणं तेवढं डोक्यात ठेवा.

आता आपल्या बडोद्यातली मे महिन्याची दुपार आठवा, पारा चाळिशीच्या वर, आजी झोपाळ्यावर, हातातला विंझणा दोनदा हलतो मग थांबतो मग परत हलतो, चहा टाकू का विचारलं तरी नुसती मान हलते. शी फॅन्ड हरसेल्फ लँग्विडली. हात हळू चाललाय ते अंगात त्राण नाही म्हणून, हे त्या एका शब्दात येतं. पण दर वेळी थकवाच असतो असंही नाही, विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर कशी सावकाश पाण्यात सरकते, कसली घाई नाही, तिथेही लँग्विडली एकदम शोभतं, आणि मला तर हा निवांतपणाचा अर्थच जास्त आवडतो. म्हणून मराठीत एकच शब्द पाठ करू नका, कुठे मरगळून, कुठे आळसावून, कुठे निवांत, वाक्य बघून ठरवा.

आता याच्या जवळचे शब्द कुठे वापरायचे ते बघा. मांडवीजवळचं ट्रॅफिक, तुंबलेली मोरी, जुना कॉम्प्युटर, यांना स्लगिशली, म्हणजे रखडत. मन कशातच लागत नाही म्हणून पोरगं ताटातला भात नुसता चिवडतंय तर लिस्टलेसली, यातला लिस्ट म्हणजे यादी नव्हे, जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ इच्छा असा होता, म्हणजे इच्छाच नाही असं. तापातून उठल्यावरची झापड असेल तर लेथार्जिकली.

वाक्यात हा शब्द क्रियापदाच्या मागे किंवा पुढे बसतो, ही वेव्ह्ड लँग्विडली, ही लँग्विडली वेव्ह्ड, दोन्ही बरोबर. पण शी इज लँग्विडली लिहू नका, तिथे लँग्विड. वेव्ह, स्ट्रेच, लीन, ड्रिफ्ट अशा सैल क्रियांबरोबर वापरा, आणि मुख्यतः लिखाणातच, कारण रोजच्या बोलण्यात लोक लेझिली नाहीतर स्लोली म्हणतात.